कंदुरीच्या दुसऱ्या दिवशी

कंदुरीचं आवतण आलं की पहिला प्रश्न ठरलेला, ‘किती बोकडांची?’ दुसरा प्रश्न कुणी मोठ्यानं विचारत नाही, पण यजमानाच्या घरातल्या बाईच्या डोक्यात तो आदल्या रात्रीपासून फिरत असतो. उरलेल्याचं काय करायचं?

मैत्रिणींनो, पुण्या-मुंबईकडच्या ज्या सख्यांना कंदुरी ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मराठवाड्यात दर्ग्याला, पीराला नवस बोलतात. तो फेडायचा म्हणजे बोकड कापून गावजेवण घालायचं. नवस बोलणारं घर मुसलमानाचं असेल नाहीतर हिंदूचं, त्यानं काही फरक पडत नाही. मुलाणी येतो, निवद दाखवतात, मलिदा वाटतात आणि मग पंगती बसतात. ज्वारीच्या भाकरी आणि काळ्या मसाल्याचा रस्सा. त्याला लागून भात. बस्स.

माकणी हे माझं माहेर. लोहारा तालुक्यातलं, तेरणा नदीवरच्या धरणाचं गाव. सरकारी कागदावर त्याचं नाव ‘निम्न तेरणा प्रकल्प’, पण पंचक्रोशीला ते माकणीचं धरण म्हणूनच माहीत. आमच्याकडे कंदुरीचं मटण बापयमाणसं शिजवतात. तीन दगडांच्या चुलीवर मोठाली पातेली चढवायची, उचटण्यानं हलवायचं, मधूनच एक फोड काढून ‘बघ रे शिजलं का’ म्हणत चाखायची, हा सगळा त्यांचा थाट. बायका पहाटेपासून भाकरी थापत असतात. जेवायला आधी पाव्हणे, मग गावातली माणसं, मग पोरंसोरं आणि शेवटी बायका. तोवर पातेल्यात रस्सा आणि मानेची हाडं राहिलेली असतात.

मग उरतं कुठून? तर ‘मागून येणाऱ्यांसाठी’ म्हणून एक पातेलं बाजूला काढून ठेवलेलं असतं ना, ते उरतं. कुणीतरी सोलापूरहून निघालेलं असतं, कुणाची एसटी चुकलेली असते. त्यातले निम्मे येतात, निम्मे येत नाहीत. संध्याकाळी ते पातेलं झाकण घालून टेम्पोतून घरी येतं आणि चुलीपाशी ठेवलं जातं. बापयमाणसांचं काम तिथं संपतं.

म्हणून मी म्हणते, कंदुरीच्या दिवशीचं मटण गावाचं, आणि दुसऱ्या दिवशीचं बायकांचं. त्या दिवशी ना वाढायची घाई, ना पाव्हण्यांची उठबस. जावा-जावा, नणंदा चुलीपुढं पाट टाकून बसतात, फोडी मनासारख्या निवडून घेतात आणि पोटभर जेवतात. माझी थोरली वहिनी तर म्हणते, ‘काल काय खाल्लं ते आठवत न्हाई बाई, आज जेवलाव.’

आणि हा बोकड वाढवलेला असतो कुणी? आपल्या जिल्ह्याच्या जुन्या नावानं देशभर ओळखली जाणारी उस्मानाबादी शेळी बघा. काळीभोर, काटक, बऱ्याचदा जुळी करडं देणारी. जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं, शेळी मात्र उस्मानाबादीच राहिली. तिचा पाला, तिचं पाणी, तिच्या करडाला थंडीत पोत्याखाली घेणं, हे सगळं घरातली बाई नाहीतर म्हातारी करते. शेळी म्हणजे तिचं पासबुक. त्या पासबुकातून काढलेल्या बोकडाचं शेवटचं पातेलं तिच्या वाट्याला येतं, तेव्हा ते चवीचं असावं आणि अंगाला लागणारं असावं, एवढी अपेक्षा काही जास्त नाही.

टाकवत नाही, म्हणून

पण इथंच गोम आहे. आमच्या नात्यातल्या एका वहिनीची गोष्ट सांगते. उन्हाळ्यातली कंदुरी. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी खाल्लं. तिसऱ्या दिवशी वाटीभर राहिलं. सासूबाईंनी वास घेतला, नाक मुरडलं आणि पोरांना देऊ नको म्हणाल्या. वहिनीनं सगळ्यांसाठी ताजं वरण केलं आणि ती वाटी गरम करून स्वतः संपवली. रात्री उलट्या-जुलाब, सकाळी दवाखान्यात सलाईन. बरी झाली म्हणून आज हसत सांगते. मी विचारलं, ‘खाल्लंस कशाला?’ म्हणाली, ‘टाकवंना.’

टाकवत नाही हे खरंच आहे. मटण किलोला सातशे-आठशे रुपयांच्या घरात गेलंय. पण जे पोरांना द्यायचं नाही ते आपण का खायचं? आपलं पोट म्हणजे काय उकिरडा आहे? शिळं कुणी खायचं याची घराघरात एक न बोललेली रीत असते आणि ती बाईच्या ताटात येऊन थांबते. त्या रितीवर भाषण देत नाही. फक्त एक साधी कसोटी सांगते. उरलेलं मटण घरातल्या लहान पोराच्या ताटात वाढायची आपली तयारी असेल, तरच ते आपल्या ताटात घ्यायचं.

आता त्या पातेल्याकडे नीट बघू. ते सकाळी अकराला शिजलेलं असतं. दिवसभर दहा वेळा झाकण निघालेलं, पंचवीस हातांचे डाव त्यात बुडालेले, आणि उन्हात कोमट होऊन बसलेलं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला सोपा आहे. शिजलेलं अन्न एक तर ६० अंशांच्या वर कढत ठेवा, नाहीतर ५ अंशांच्या खाली गार करा. मधल्या कोमटपणात दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नका. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात दोन नव्हे, एकच तास धरा.

‘उकळलं की सगळं मरतं’ हा आपल्या बायकांचा हुकमी मंत्र. तो अर्धाच खरा आहे. मोठ्या पातेल्यातला रस्सा मधोमध फार सावकाश गार होतो. मांसाच्या रश्शातले काही जंतू बीजाच्या रूपात उकळीतूनही तगतात आणि रस्सा कोमट झाला की तिथंच वाढायला लागतात. त्याला वास येईलच असं नाही, फेस दिसेलच असंही नाही. हातांवरच्या जखमेतून, पुळीतून जाणारे काही जंतू तर अन्नात असं विष सोडतात की नंतर कितीही उकळा, ते जात नाही. म्हणजे वास घेणं ही परीक्षा आहे, पण ती नापास झालेलं ओळखायला. वास बरा आला म्हणजे अन्न पास झालं, असं नाही.

म्हणून मागून येणाऱ्यांचं पातेलं चुलीवरून उतरवूच नये. खाली निखारे ठेवावेत, रस्सा कडेनं बुडबुडत राहिला पाहिजे. भांड्याला निवांत हात लावून धरता आला तर समजा, ते निवलंय. आणि पाव्हणे येत नाहीत असं दिसलं की उशीर न करता उतरवून पसरट भांड्यांत, अगदी परातीतही, दोन-तीन बोटं जाडीचं ओता. ती भांडी गार पाण्यात ठेवून हलवत राहा. अर्ध्या तासात खाली येतं. मग लहान लहान डब्यांत भरून फ्रिजमध्ये. पाच लिटरचं पातेलं आहे तसं फ्रिजमध्ये कोंबलं तर मटण तर गार होत नाहीच, उलट शेजारचं दूध गरम होतं.

लाईटचं काय, हा प्रश्न गावाकडे येणारच. फ्रिजचं दार उघडलं नाही तर आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्याहून जास्त वेळ वीज गेली तर आतलं मटण शिल्लक धरू नका. वीज नीट असेल तर तीन दिवस, त्यापुढे नाही. आणि लागेल तेवढाच डबा बाहेर काढायचा, एकदाच खळखळून उकळायचा. सकाळी तापव, दुपारी तापव, रात्री पुन्हा तापव, हे बंद.

तुम्ही म्हणाल, आमची आजी कुठं फ्रिज वापरत होती? नव्हतीच वापरत. पण आजीचं घरही वेगळं होतं. लोहारा, उमरगा, औसा या पट्ट्यात दगड-मातीच्या जाड भिंतींची, माळवदाची घरं होती. आतल्या खोलीत भर उन्हाळ्यात गारवा असायचा, तिथं शिंक्यावर भांडं टांगलेलं. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे भूकंपात त्याच माळवदांनी माणसं गाडली. त्यानंतर लोकांना पत्र्याचे शेड मिळाले, मग सिमेंटची घरं. जीव वाचवणारी घरं आहेत, त्यांना नावं ठेवायची नाहीत. पण पत्र्याखाली आणि स्लॅबखाली दुपारी जी भट्टी पेटते, तिच्यात आजीचे टिकवण्याचे हिशोब लागू पडत नाहीत. आजीच्या भरवशावर आपण भांडं झाकून ठेवतो आणि घर मात्र आजीचं नसतं!

आजीचा आणखी एक हिशोब होता, तो मात्र आजही चालतो. ती रात्रीच रस्सा आणि फोडी वेगळ्या करायची.

रात्रीचं सुक्कं

रश्शातल्या फोडी झाऱ्यानं उपसून घ्यायच्या. लोखंडी कढई तापवायची. तेल घालायचं नाही, रश्शावरचा तवंगच दोन पळ्या घालायचा. त्यात ठेचलेला लसूण, थोडी हळद, आणि फोडी. मध्यम आचेवर परतत राहायचं, पाणी पूर्ण आटेपर्यंत. फोडी कडेनं काळपट, चकचकीत झाल्या आणि कढईत फक्त तेल चरचरायला लागलं की झालं. पाणी गेलं की टिकणं वाढतं, हे साधं गणित. तरी हे सुक्कंही फ्रिजमध्येच जायचं, फक्त त्याचा तिसरा दिवस रश्शाच्या तिसऱ्या दिवसापेक्षा चवीला खूप बरा असतो.

एक सावधगिरी. मीठ बिलकूल घालू नका. मुळात मीठ आहेच, आटलं की ते वाढतं. उरलेल्या मटणाच्या कुठल्याही पदार्थात मीठ सगळ्यात शेवटी, चाखून.

येसराचा रस्सा

रस्सा रात्रभर फ्रिजमध्ये राहिला की सकाळी खरवसासारखा थरथरतो. नवख्या सुना घाबरतात, नासला की काय! नासलेला नाही. हाडांतला, शिरांतला चिकटपणा रश्शात उतरतो आणि गार झाला की तो गोठतो. चांगल्या, दमानं शिजलेल्या मटणाची ती खूण आहे. वर चरबीचा पांढुरका थर जमतो तो मात्र निम्म्याहून जास्त काढून घ्या. टाकू नका, वाटीत ठेवा, त्याचं काम पुढं आहे.

आता येसर. आपल्याकडे ज्वारी, बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ भाजून, त्यात धने-जिरे-मसाला घालून केलेली ही पूड प्रत्येक जुन्या घरात असते. लेक सासरी जाताना डब्यात घालून देतात. आदल्या दिवशीचा रस्सा दोन वाट्या असेल तर दोन मोठे चमचे येसर गार पाण्यात गुठळी न होऊ देता कालवायचं. कढईत थोड्या चरबीवर बारीक कांदा लालसर परतायचा, रस्सा ओतायचा, चांगली उकळी आली की येसराचं पाणी धार धरून सोडायचं. वरून दीड-दोन वाट्या गरम पाणी. दहा मिनिटं खळखळ उकळू द्या. दोन वाट्यांचा रस्सा पाच माणसांना पुरतो आणि पातळ लागत नाही, कारण येसरानं त्याला अंग येतं.

शिळी भाकरी असेल तर ती याच रश्शात तुकडे करून दोन उकळ्या काढा. चमच्यानं खायचे ते तुकडे, वर कच्चा कांदा. पावसाळ्याच्या दिवसांत आमच्याकडे याच्यासाठी भाकरी मुद्दाम शिळी ठेवतात, आता बोला!

दुसऱ्या दिवशी रस्सा जास्त चवीचा का लागतो, असं मला एका वाचक मैत्रिणीनं विचारलं होतं. मसाल्याचा उग्रपणा रात्रभरात जिरतो, तो फोडीत मुरतो आणि वर सांगितलेला चिकटपणा जिभेवर रेंगाळतो. नुसतं उकडलेलं, बिनमसाल्याचं मांस मात्र दुसऱ्या दिवशी गरम केलं की त्याला एक शिळकट, ओशट वास येतो. चरबी हवेनं बिघडायला लागते त्याचा तो वास. आपल्या मसाल्यात लवंग, दालचिनी, दगडफूल, लसूण असतात, ते हा वास बराचसा दाबून ठेवतात. मुलांसाठी काढलेलं अळणी म्हणून त्याच दिवशी संपवावं.

हाडांचा दालचा

या सगळ्यांत माझा जीव आहे तो दालच्यावर. आपला जिल्हा १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्या काळाच्या ज्या खुणा आपल्या जिभेवर राहिल्या त्यातली ही सगळ्यात गोड. गोड म्हणजे आंबट! पश्चिम महाराष्ट्रात डाळीत मटण म्हटलं तर तोंड वाकडं करतात. आपल्याकडे कुठल्याही मुसलमान शेजारणीच्या घरी भाताबरोबर दालचा नसेल तर दावत पूर्ण होत नाही.

आणि उरलेल्या मटणासाठी याच्याइतका हुशार पदार्थ दुसरा नाही. पातेल्याच्या तळाशी काय राहतं? मांस थोडं, हाडं जास्त. दालच्याला नेमकं तेच लागतं.

पाच-सहा माणसांसाठी एक वाटी तूरडाळ आणि अर्धी वाटी हरभऱ्याची डाळ घ्या. हरभऱ्याची डाळ तासभर आधी भिजवा, नाहीतर ती दातांखाली राहते. दोन्ही डाळी हळद घालून कुकरला मऊ शिजवून रवीनं घोटून घ्या. पाव किलो कोवळ्या दुधी भोपळ्याच्या बोटभर लांब फोडी करा. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात भिजत घाला. मोठ्या पातेल्यात तेलावर दोन उभे चिरलेले कांदे चांगले तांबूस होईपर्यंत परता, आलं-लसूण ठेचून घाला, कढीपत्ता, एखादी हिरवी मिरची चिरून. त्यावर दुधी आणि वाटीभर पाणी. दुधी निम्मा शिजला की उरलेल्या मटणाची हाडं रश्शासकट आत. इथं खळखळून उकळी येऊ द्या आणि पाच मिनिटं तशीच ठेवा. मग घोटलेली डाळ, चिंचेचा कोळ, लागेल तसं गरम पाणी. मंद आचेवर दहा-पंधरा मिनिटं. मीठ आता चाखून घाला. शेवटी कोथिंबीर, पुदिना असेल तर मूठभर.

मटण आधी घालून डाळीबरोबर कुकरला लावायचा मोह होतो. तसं करू नका. ते एकदा शिजलेलं आहे, पुन्हा शिट्ट्या दिल्या तर मांसाचे दोरे होतात आणि हाडांचे बारीक कण डाळीत उतरतात. घरात लहान मूल असेल तर ते धोक्याचं.

आदल्या दिवशी मटण खारट झालं होतं? मग तर दालचाच करा. बिनमिठाची डाळ ते सगळं मीठ पोटात घेते. कणकेचा गोळा सोडण्यापेक्षा हा उपाय कितीतरी खात्रीचा.

सोमवारचं गार मटण

हा उरलेल्याचा घोर फक्त आपल्याच चुलीपुढं आहे असं समजू नका. इंग्लंडात रविवारी चर्चहून आलं की कोकराची तंगडी नाहीतर बैलाचा मोठा तुकडा भट्टीत सबंध भाजायची पद्धत. सोमवार हा तिकडं कपडे धुण्याचा दिवस. पूर्वी चूल धुण्याचं पाणी तापवण्यातच गुंतलेली असायची. मग रविवारचं भाजलेलं मांस सोमवारी गारच कापून खायचं आणि जे राहील ते बारीक करून, त्यावर कुस्करलेल्या बटाट्याचा थर देऊन भाजायचं. त्याला म्हणतात शेफर्ड्स पाय, म्हणजे मेंढपाळाचा पाय. हा पाय म्हणजे आपला पायाचा रस्सा नव्हे हो, एक भाजलेला पदार्थ! म्हणजे तिथल्या बाईचा सोमवारही धुणं आणि उरलेलं यांतच जायचा.

हेच साहेब इथं आले तेव्हा त्यांचे खानसामे कालचं भाजलेलं मांस कांदा आणि मिरचीवर परतून द्यायला लागले. त्याचं नाव जालफ्रेझी. आज हॉटेलात आपण मेनूकार्डावर बोट ठेवून जी ऐटीत मागवतो, ती मूळची उरलंसुरलं संपवायची युक्ती.

ती युक्ती आपल्यालाही उपयोगी आहे. हल्ली लग्नात भट्टीवर भाजलेली रान, कबाब, तंदूरचं मटण असतं, त्यातलं घरी येतं. भाजलेल्याला रस्सा नसतो, म्हणून ते दुसऱ्या दिवशी चामड्यासारखं होतं. नुसतं गरम केलं तर अजून वातड. ते आडव्या धाग्यावर पातळ कापा, कढई चांगली तापवून कांदा, ढबू मिरची, टोमॅटो मोठ्या आचेवर परता, काळं तिखट घाला, मग मटण. वर चार चमचे पाणी मारून झाकण. दोन-तीन मिनिटांत वाफेनं ते आतपर्यंत गरम झालं पाहिजे, नुसतं वरून नव्हे. लिंबू पिळा. झालं.

चान्यांविषयी

टिकवण्याचा विषय निघाला की वाळवलेल्या मांसाचा विषय निघतोच. मराठवाड्यातल्या दलित वस्त्यांमध्ये मांसाच्या लांब पट्ट्या कापून, मीठ-हळद लावून उन्हात दोरीवर वाळवत. त्या चान्या. पावसाळ्यात, हाताला काम नसताना त्या निखाऱ्यावर भाजून नाहीतर डाळीत टाकून खाल्ल्या जात. आपल्याच जिल्ह्यातले लेखक शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ या २०१५ सालच्या पुस्तकात महार-मांग समाजांचं हे सगळं खाणं पाककृतींसकट लिहून ठेवलंय. २०२४ मध्ये ते इंग्रजीतही गेलं. त्याआधी २००९ मध्ये पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रानंही दलितांच्या खाण्याच्या आठवणींवर एक पुस्तक काढलं होतं.

स्वयंपाकाच्या पानांवर चान्या कधी आल्या नाहीत. आमच्या या पानांवरही गेल्या कितीतरी वर्षांत साबुदाण्याचे पन्नास प्रकार येऊन गेले, चान्यांचा एकही नाही. दुसऱ्याच्या दारातलं उरलेलं मिळणं आणि आपल्या घरातलं उरणं या दोन्हीला आपण ‘शिळं’ हाच शब्द वापरतो, पण त्यांत किती अंतर आहे ते पाटोळ्यांचं पुस्तक वाचल्यावर कळतं. मैत्रिणींनो, मिळालं तर जरूर वाचा.

कृतीपुरतं एवढंच की चान्या कच्च्या मांसाच्या असतात. शिजलेलं मटण उन्हात वाळवायला जाऊ नका, ते वाळायच्या आधी नासतं. तेच मटणाच्या लोणच्याचं. ते ताज्या, तेलात तळलेल्या फोडींचं घालायचं, कंदुरीच्या उरलेल्या फोडींचं नाही.

आणि ती चरबीची वाटी

मघाशी बाजूला ठेवलेली. तिचे धपाटे करायचे.

उरलेल्या सुक्क्याच्या फोडी हातानं सोडवा. हाडाचा बारीक तुकडाही राहू देऊ नका, दोनदा चाचपा. मांसाचे धागे वाटीभर झाले तर दोन वाट्या ज्वारीचं पीठ, अर्धी वाटी बेसन, अर्धी वाटी कणीक घ्या. बारीक कांदा, कोथिंबीर, तीळ, चिमूटभर ओवा, लसूण-मिरचीचा ठेचा. भिजवायला पाणी नको, उकळून कोमट केलेला रस्सा घ्या. ओल्या फडक्यावर पातळ थापायचं, मधे भोक पाडायचं आणि तव्यावर टाकून कडेनं ती चरबी सोडायची. जाड थापलं तर आत कच्चं राहतं आणि मांसही नीट तापत नाही, म्हणून पातळच. दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजा.

मटणावर दही-दूध चालत नाही असं मानणारी घरं आपल्याकडे पुष्कळ. त्यांनी शेंगदाण्याची चटणी आणि कांदा घ्यावा. बाकीच्यांनी दही घ्यावं.

माझी आत्या हे धपाटे भाजायची तेव्हा पहिला धपाटा चुलीच्या वैलावर सरकवून ठेवायची. पोरं मागायची, चुलते मागायचे, ती म्हणायची, ‘त्यो ठेवलाव की मी.’ सगळ्यांचं होईपर्यंत तो धपाटा वैलावर कडक व्हायचा, खालून जरा करपायचाही. मग ती तव्यावरचा शेवटचा गरम धपाटा आणि तो कडक, असे दोन्ही पितळीत घेऊन उंबऱ्याशी बसायची. मी एकदा विचारलं, ‘काय करूलालीस गं आत्या, इथं एकटीच?’

म्हणाली, ‘जेवूलालाव. बस, तुला बी देते. पर गरमातला न्हाई, कडकातला.’